गुरूला घासून गेलेला ठिपका

माझे वडील सोबत असताना मी काढलेला तो शेवटचा फोटो. त्यात अप्पा नाहीत. गुरू ग्रह आहे आणि त्याला घासून जाणारं अंतराळस्थानक. तिरुवैयारुला कावेरीच्या घाटावर मी दुर्बिणीला कॅमेरा लावून बसले होते आणि अप्पा मोठ्याने सेकंद मोजत होते.

तो मी तंजावूरच्या चुलतभावाला पाठवला. दुर्बिणीचा नाद त्यालाही. त्याने तो मोठा करून फ्रेम केला आणि नवरात्रात कोलूच्या पायऱ्यांवर मांडतात त्या बाहुल्यांशेजारी मांडला. प्रसादाची उसळ, सुंडल, खायला आलेल्या बायकांना माझ्यादेखत म्हणाला, "आमच्या गच्चीवरून मीच काढलों." अप्पांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी हसून सुंडल घेतलं. भांडले असते तर माझीच शोभा झाली असती, आणि मला त्याची करायची होती.

"तसा योग पुन्हा कधीं गे?" त्याने जाताना विचारलं. हिशेब नेहमी मीच करून द्यायची. घरी येऊन केला आणि देवाला हात जोडले. याच शुक्रवारी, तिन्हीसांजेला, पुन्हा त्याच घाटावरून! वेळ, दिशा, सगळं त्याला खरं सांगितलं. कुठून, हे त्याने विचारलंच नाही. ग्रह इतका लांब की दोन्ही गावांतून सारखाच दिसतो. स्थानक मात्र जवळ. घाटापासून त्याच्या गच्चीपर्यंतचे दहा-बारा किलोमीटर सरकलं की ते ग्रहापासून बोटभर बाजूने जातं. फोटो स्वतः काढला असता तर त्याला हे ठाऊक असतं.

शुक्रवारी त्याने टीव्ही गच्चीवर नेला, दुर्बिणीला जोडला आणि सगळी गल्ली गोळा केली. मी घाटावर एकटी होते. या वेळी सेकंद मीच मोजले. स्थानकाचा ठिपका गुरूला घासून गेला. फोटो मी लगेच घरच्यांच्या ग्रुपवर टाकला.

त्याचा फोन आलाच. चूक माझी होती हे सगळ्यांना ऐकवायला त्याने स्पीकर लावला होता. मागे बायकांचा कालवा चालला होता.

"कां गे, टीव्हीत कांहींच आलं नाही! तुला कसं सांपडलं? कोठें आहेस तूं?"

"तिरुवैयारुला, अण्णा. तुझ्या कोलूतला फोटो काढताना अप्पांबरोबर बसले होते, त्याच पायरीवर."

"गच्चीवरून काढलों म्हणालास कीं!" पलीकडे एक बाई त्याला म्हणाली. मी फोन ठेवला नाही. आता तो काय बोलतो, ते सगळ्यांबरोबर मलाही ऐकायचं होतं.