इंगळे सरांची समुद्रावरची स्वारी

आमच्या शाळेतले इतिहासाचे इंगळे सर कुठलंही काम सुरू करण्याआधी बोट जिभेला लावून वर धरत आणि वारा कुठून येतो ते बघत. मोकळ्या मैदानावर ठीक आहे, पण शिक्षकांच्या खोलीत पंख्याखाली बसूनही बघत. मी तेव्हा लग्न होऊन मोताळ्याला आलेली, नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, शाळेत इंग्रजी शिकवायला नुकती रुजू झालेली. मला वाटलं, समोरच्या गृहस्थांना काही विचारायचंय. मी अदबीनं म्हणाले, "विचारा ना सर." ते म्हणाले, "इचारायचं काही नाही मॅडम. वारा पाहून राह्यलो."

मुलांनो, तिकडे परदेशात तुमच्या घराच्या गच्चीतून समुद्र दिसतो. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही दिशेला दिवसभर चाललं तरी कापूस आणि सोयाबीनच लागतं. आणि अशा गावात सर आयुष्यभर एक समुद्रावरची स्वारी शिकवत राहिले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी इंग्लंडहून खाडी ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरवल्या, ती. पुस्तकात दोन ओळींत उरकलेली ती स्वारी सर आठवडाभर उतरवत. तिकडे बंदर मिळणार नाही म्हणून दोस्तांनी बंदराचे तुकडे बांधून समुद्रातून ओढत नेले, हे सांगताना ते म्हणत, "पाव्हण्यानं मांडव आपल्या संगच न्यावा, तसं."

त्या स्वारीची वेळ ओहोटी बघून ठरवली होती, पण या भरती-ओहोटीपाशी वर्ग अडत असे. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा मागे जातं, हे मुलांना पटत नसे. मग सर मला बोलावत. "मॅडमनं समुद्र पाह्यला हाये. त्यायले इचारा." मी फळ्यावर चंद्र आणि पृथ्वी काढून फार सुंदर समजावत असे. खरं सांगायचं तर मी समुद्र एकदाच पाहिला होता, तोही तुमच्या आजोबांना परतीची बस पकडायची घाई असताना. पाणी पुढे येतंय की मागे जातंय, हे बघायला कुणी थांबलं नव्हतं.

सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. स्नेहसंमेलनात दरवर्षी ही स्वारी मैदानात होई, निळी लुगडी अंथरून. सरांना ती एकदा, एकदाच, खऱ्या पाण्यावर करायची होती. गावाजवळच्या धरणाच्या काठी पाणी उथळ होतं. मासेमारांचे डोंगे, म्हणजे छोट्या होड्या, मिळणार होते. दोस्त सैन्य म्हणून सरांनी शेजारच्या उर्दू शाळेच्या रफिक सरांना बोलावलं. मग आधी कोण उतरणार यावरून दोन्ही शाळांची मुलं भांडू लागली आणि दोन्ही मुख्याध्यापक रुसले. सर आठवडाभर सायकलवर इकडून तिकडे फिरले. मी म्हटलं, यात फार वेळ जातोय. ते म्हणाले, "सेनापतीचं काम हेच असते मॅडम. दुश्मन तं सांगतल्या जागी उभा राह्यते, दोस्तच राहत नाही."

सांगितल्या जागी उभा राहणारा तो दुश्मन मीच होते. मला जर्मन सेनापती केलं होतं. कारण विचारलं तर सर म्हणाले, "तुमचं इंग्रजी असंही कोणाले समजत नाही." शिवाय सगळी आखणीही मीच केली होती, कारण तुमच्या आजीला आखणी केल्यावाचून चहाही पिववत नाही. कुठला डोंगा कुठे लागणार, कुठली शिट्टी कशासाठी, पाहुण्यांच्या खुर्च्या कुठे, सगळं ठरलं होतं. काठावर मी रंगीत झेंडे रोवून ठेवले होते.

ठरलेला दिवस उजाडला. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी साहेब आले. काठावर खिचडीचं पातेलं चढलं. मुलं डोंग्यात बसायला रांगेत उभी, आणि सरांनी बोट ओलं करून वर धरलं. पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या.

"आज नाही," सर म्हणाले. "उद्या."

मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. साहेब उद्या नाहीत, खिचडी उद्या नाही, आणि गुडघाभर पाण्यात होणार तरी काय? सर ऐकून घेत राहिले. रफिक सर मात्र आपल्या मुलांकडे वळून शांतपणे म्हणाले, "चलो बच्चों, खिचड़ी खाओ."

तासाभरात वारा पडला. पाणी काचेसारखं झालं. साहेब खिचडी खाऊन गेले, जाताना हसले. गावही हसलं. हसणाऱ्यांत मी नव्हते, कारण मी फुगून बसले होते. सर एकटेच काठावर बसले होते. तीस-पस्तीस वर्षांची हौस, आणि बघायला साहेब आलेला दिवस त्यांनी हातानं घालवला होता. मी जाऊन टोचलंच. म्हटलं, "गेलो असतो तर काही झालं नसतं."

"हाव," ते म्हणाले. "पण हे आता मालूम झालं. तवा मालूम नोतं. तवा डोंग्यात लोकायचे पोरं होते."

मी उठून वाऱ्यानं कललेले झेंडे सरळ करायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी कडक इस्त्रीची साडी नेसून झेंड्यांपाशी माझी जर्मन फौज उभी केली. एक गोष्ट माझ्या आखणीत नव्हती. रात्री गव्हासाठी कालव्याला पाणी सोडलं होतं. धरणाचं पाणी मागे सरकलं होतं, आणि माझे झेंडे कोरड्यात नि त्यापुढे नुसता चिखल. तरी मी जागा सोडली नाही, कारण आखणी म्हणजे आखणी. तेवढ्यात पलीकडे बाभळींच्या बाजूनं आरडाओरडा झाला. तिकडचा काठ खडकाळ होता, सरांनी पहाटेच तो बघून ठेवला होता आणि दोन्ही शाळांचे डोंगे तिथे एकदम लावले होते. मी फौज घेऊन चिखलातून सरळ धावले. चार पावलांत एक चप्पल गेली, पुढे दुसरी, आणि मग मी घोट्यापासून वरही बरीचशी रुतले. मला दोन्ही शाळांच्या मुलांनी मिळून ओढून काढलं. दोस्तांची एकजूट मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

"जागा बदलली तर मला सांगायचं नाही?" मी ओरडले.

"दुश्मनाले सांगतात काय?" सर म्हणाले. मग मागे सरकलेल्या पाण्याकडे बघत राहिले. "मॅडम, ओहोटी अशीच दिसत असंन?"

मी, चंद्र-पृथ्वी काढणारी, अनवाणी उभी होते. म्हटलं, "असेल."

मागच्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले. ते अंथरुणालाच खिळले होते. तुमची चौकशी केली, समुद्र किती जवळ आहे ते विचारलं. मग म्हणाले, "इतके वर्ष पोरायले सांगतलं का पाणी दिवसातून दोन डाव मांगं जाते. आपण तं पाह्यलं नाही. खोटं तं नसंन सांगतलं? तुम्ही नातवायकडे गेल्या का पाहून सांगजा."

मी माझं नेहमीचं सांगितलं. तिकडे थंडी, गुडघे, एवढा विमानप्रवास, पुढच्या वर्षी बघू. तुम्हाला फोनवर सांगते तेच. सरांनी बोट जिभेला लावलं आणि बंद खोलीत वर धरलं.

"वारा तं नाही मॅडम," ते म्हणाले.

गेल्या महिन्यात सर गेले. वारा होता म्हणून त्यांनी आपला बेत एकच दिवस पुढे ढकलला होता. तुमच्याकडे यायचा माझा बेत मी किती वर्षं ढकलतेय, ते तुमच्या आईला विचारा. तिकीट काढलं आहे. आल्यावर मला कुठली प्रेक्षणीय स्थळं दाखवू नका. किनाऱ्यावर एक खुर्ची द्या. पाणी मागे जाईपर्यंत मी उठणार नाही. आणि जुनी चप्पल आणते आहे, गेली तरी चालेल अशी.