सकाळी आठची मॉक ड्रिल

घाबरलेली माणसं एकत्र कामाला लागली की किस्से साचतातच. आमचं गाव पनवेलजवळ, खाडीकाठी. हायवेवरून न्हावा शेवाकडे दिवसभर टँकर जातात. मोठ्या पुरानंतर गावात आपत्ती पथक निघालं. मी शाळेत मास्तर, म्हणून शिकवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात!

पहिल्याच वर्गात मी विचारलं, "अमोनियाचा टँकर उलटला तर काय कराल?"

मासळी विकणाऱ्या हिराबाई म्हणाल्या, "बगाया जाऊ."

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही, कारण बाई खरं बोलत होत्या. त्यांचा आवाज अख्ख्या बाजारात ऐकू जातो, म्हणून त्यांनाच पथकप्रमुख केलं.

मग दर महिन्याला मॉक ड्रिल. शिट्टी वाजली की ओला फडका नाकाला आणि तडक शाळेच्या मैदानावर. एकदा एक आजोबा अर्धीच दाढी करून आले. मी कौतुक केलं तर म्हणाले, "दुसरा गाल व्हईपर्यंत गॅस थांबनार हाय का?"

सहाव्या ड्रिलनंतर बुधाजीकाकांनी मला बाजूला घेतलं. काकांचा जन्म होडीत गेलेला. "मास्तर, दरवेळी सकाळी आठलाच का?"

"नंतर लोक कामाला जातात ना."

"सकाळी वारा डोंगराकडनं येतो. दुपारी फिरतो, खाडीकडनं. हायवे खाडीच्या अंगाला. मंग गॅस कुटं जाईल?"

मी मैदानाकडे बघितलं. ते हायवे आणि डोंगर यांच्या बरोबर मधे, दुपारच्या वाऱ्याच्या वाटेत. सहा महिने मी गावाला नेमकं गॅसच्या तोंडी उभं राहायला शिकवत होतो.

वाऱ्याच्या वाटेतून बाजूला असलेला देवळामागचा माळ ही नवी जागा आम्ही दोघांनी तिथेच ठरवली. सगळ्यांना एकदमच सांगू, रविवारच्या बैठकीत, असं मीच म्हणालो.

गुरुवारी दुपारी मी कामाला पनवेलला गेलो होतो. काकांनी होडीतून फोन केला, "टँकर कलंडलाय. पांढरा धूर गावाकडं चाललाय." हिराबाईंना फोन लावला, लागेना. तशीच बाइक पळवली. देवळामागे चिटपाखरू नव्हतं. शाळेकडे वळलो तसा वास नाकात झोंबला.

अख्खं गाव मैदानावर ओळीत उभं होतं. लेकरंसुद्धा. एकही जण जागचा हलत नव्हता. मी बाइक टाकून त्यांच्याकडे धावलो.

हिराबाई खोकत खोकत पुढे आल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण चेहरा खुललेला. फडका खाली करून म्हणाल्या, "बगा मास्तर, पाच मिन्टांत सगला गाव आनला."