चुकीच्या विभागावर टिचकी

पोशेऱ्याच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे. तिथल्या दोनशिक्षकी शाळेत मी सात वर्षं शिकवतोय आणि राहतो मोखाड्यात, बाजाराच्या मागच्या एका खोलीत. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर मी लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली चालवतो, आणि तीही सगळे वापरतात ती स्थिर आवृत्ती नाही. नवं सगळं जिथे आधी येतं आणि आधी मोडतं, त्या विकास-शाखेतलं.

सुरुवात गरजेतून झाली होती. लॅपटॉपचा आवाज जुन्या कर्नलवर चालतच नव्हता. कर्नल म्हणजे यंत्र आणि बाकीचे प्रोग्राम यांच्यामधला गाभा. तो उठला नाही तर काहीच उठत नाही. नवा कर्नल घेण्यासाठी मी विकास-शाखेवर गेलो, आवाज आला, आणि मग मला त्याचा नाद लागला. कुठल्यातरी देशात कुणीतरी परवा लिहिलेली ओळ आज माझ्या खोलीत चालतेय, या विचाराने उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं. शाळेतून आलो की पायावर पाणी घ्यायच्या आधी मी नवा कर्नल आलाय का ते बघायचो.

त्याच लॅपटॉपमध्ये म्हातारी होती. म्हणजे तिचा आवाज. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंची ती सासू. पहिलीत येणाऱ्या मुलांना घरची बोली तेवढी येते. पुस्तकातलं मराठी वाचलं की ती माझ्याकडे बघत बसतात. म्हातारी दुपारी शाळेच्या ओट्यावर यायची आणि त्यांच्या बोलीत गोष्टी सांगायची. मी त्या मोबाइलवर टिपून घेऊ लागलो. मोबाइल भरला की लॅपटॉपवर टाकायचो आणि मोबाइलमधून पुसायचो. वर्गात लावल्या की मुलं नेमकी हसायच्या जागी हसत. दोन वर्षं हे चाललं. गेल्या थंडीत म्हातारी वारली. दुसरी प्रत कुठेच काढलेली नव्हती. काढू, काढू म्हणत राहिलो.

त्या शनिवारी सकाळची शाळा करून मी दुपारी खोलीवर आलो. नवा कर्नल आला होता. घ्यायला गेलो तर जागा पुरेना. कर्नल ठेवायचा कप्पा मी सुरुवातीलाच फार लहान केलेला, त्यात जुने दोन पडून होते. एक मी काढला. तरी पुरेना. मग दुसराही काढायला निघालो. तो त्या क्षणी चालू असलेला कर्नल होता. मशीनने स्पष्ट विचारलं: हा काढलात तर संगणक पुन्हा सुरू न होण्याची शक्यता आहे, थांबायचं का? मी 'नाही' दिलं. नवा तर येतोच आहे, असं मनात म्हणालो.

नवा अर्धा बसला आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. पडदा काळा झाला.

लाईट तासाभराने आली. बटण दाबलं, पांढरी अक्षरं वर सरकली आणि शेवटच्या ओळीवर थांबली: कर्नल पॅनिक. मूळ डिस्क सापडत नाही. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. किती वेळा दाबलं ते आठवत नाही. दर वेळी वाटायचं, आता उठेल. म्हातारी गेली त्या दिवशी मी तिच्या अंगणात उभा होतो, तेव्हासुद्धा इतका घाबरलो नव्हतो. तेव्हा ती माझ्याकडे होती.

खरं तर अजून काहीच गेलं नव्हतं. पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स सुरू करायचं, त्यातून आपल्या डिस्कमध्ये शिरायचं, अर्धवट राहिलेला कर्नल पुरा करायचा. हे मी दुसऱ्यांना इंटरनेटवर समजावून सांगितलेलं होतं. रविवारी सकाळच्या जीपने जव्हारला गेलो. एसटी डेपोजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याचं दुकान आहे, तिथलं नेट बरं. दुकानदार माझ्याच वयाचा. लॅपटॉप उघडून त्याने पाहिलं आणि म्हणाला, "सर, फॉरमॅट मारून देऊ? दहा मिनिटांचं काम."

"हात लावू नका," मी ओरडलोच. गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"बरं बरं. तुम्हीच करा."

पेनड्राइव्ह तयार व्हायला तीन वाजले. मी डिस्कमध्ये शिरलो, पण आज्ञांचा क्रम चुकत होता. एक चूक सुधारली की दुसरी निघे. दुकानाचं नेट आता गिऱ्हाइकांच्या फॉर्मांत गुंतलेलं, आणि मोबाइलवर शोधावं तर पान अर्धं उघडून अडकायचं. पाचच्या जीपवाल्याने दोनदा येऊन विचारलं. सोमवारी मुख्याध्यापिका रजेवर होत्या, शाळा मलाच उघडायची होती. मग मला एक युक्ती सुचली. डिस्कवर दोन विभाग होते. एकात माझं सगळं, दुसऱ्यात लॅपटॉपबरोबर आलेली जुनी प्रणाली, जिचा काही उपयोग नव्हता. त्या दुसऱ्यावर नवं लिनक्स बसवायचं आणि त्यातून पहिल्यातल्या फायली उचलायच्या. सोपं. शिरलोच आहोत तर आधी गोष्टी तेवढ्या उतरवून घ्याव्यात, हे घाईत सुचलंच नाही. दोन्ही विभाग जवळजवळ सारख्याच आकाराचे. मी एकावर टिचकी मारली. 'हा विभाग पुसला जाईल' असं आलं. मी 'हो' म्हटलं.

डोळे मिटून उघडावेत तेवढ्या वेळात ते झालं. मग यादीत उरलेल्या विभागाचं नाव वाचलं, आणि उरलेला विभाग जुन्या प्रणालीचा होता.

मी वायर उपटली. दुकानदार म्हणाला, "काय झालं?" खुर्चीत बसून राहिलो. बाहेर कंडक्टर 'नाशिक, नाशिक' ओरडत होता. पाचची जीप गेली. दुकानदाराने पाणी दिलं, ते मी हातात धरून बसलो. शेवटी मी सांगितलं, की यात एका गेलेल्या बाईचा आवाज होता.

"तुमच्या आई?"

"नाही. माझी कुणी नाही."

त्याने त्याची स्वतःची मोठी डिस्क काढून माझ्यापुढे ठेवली. पुसलेल्या विभागातून फायलींचे अवशेष वेचणारा प्रोग्राम असतो. तो लावला. दोन दिवस तरी लागणार होते. लॅपटॉप मी तिथेच सोडला. त्याने दुकानातल्या सगळ्यांसमोर सांगितलं, की याला कुणी बोट लावायचं नाही, आणि तो इन्व्हर्टरला जोडून दिला. मी मिळेल त्या गाडीने मोखाड्याला आलो.

सोमवारी शाळेत बाई चूल पेटवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "गुरुजी, आजारी हायत का? तोंड उतरलाय."

मी म्हटलं, "म्हातारीच्या गोष्टी गेल्या. लॅपटॉपमधून."

त्या थांबल्या. "लाईट गेली होती शनवारी. त्याच्याना झाला का?"

किती सोपं होतं 'हो' म्हणणं. लाईट खरोखरच गेली होती. मी म्हटलं, "नाही. लाईटने थोडं झालं होतं. पुसलं मी. माझ्या हाताने. घाईत."

त्या चुलीकडे वळल्या. फुंकणीने चूल फुंकत राहिल्या. धूर डोळ्यांत गेला म्हणून पदराने डोळे पुसले, की दुसऱ्या कशाने, हे मी बघायचं टाळलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. म्हातारीला मुलं 'आय' म्हणायची. पहिलीतल्या एका मुलीने गोष्ट मागितली, "आयची गोठ लावा." मी म्हटलं, आज नाही. तिने रोज विचारलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर जव्हारला गेलो. प्रोग्रामचं काम संपलं होतं. हजारो फायली, एकीलाही नाव नाही, फक्त आकडे. चित्रांचे तुकडे, मशीनचे टिंगटिंग आवाज, कुठल्यातरी प्रोग्रामच्या सूचना. मी आवाजाच्या फायली एकेक उघडत गेलो. कितीतरी वेळ नुसती खरखर. मग एकीत कोंबडीला हाकलणारी म्हातारी बोलली आणि मी दुकानातच रडलो. दुकानदार उठून शटरपाशी जाऊन उभा राहिला.

सगळं मिळालं नाही. अख्ख्या गोष्टी चार. बाकीच्या मधेच तुटलेल्या, काहींना शेंडा नाही, काहींना बुडखा नाही. बऱ्याचशा कायमच्याच गेल्या. कुठल्या गेल्या हेही मला सांगता येत नाही, कारण यादी त्याच डिस्कवर होती. जे मिळालं त्याच्या तीन प्रती काढल्या. एक दुकानदाराकडे, एक मुख्याध्यापिकांच्या कपाटात, आणि एक लॅपटॉपवर, जिथे मी आता साधं स्थिर लिनक्स बसवलं.

गुरुवारी खिचडी शिजत असताना मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि बाईंना म्हटलं, "ऐकता का?"

त्या हातातला डाव तसाच धरून उभ्या राहिल्या. म्हातारी बोलू लागली. मधे खोकली. बाई सोमवारनंतर पहिल्यांदाच हसल्या आणि म्हणाल्या, "तंबाखू सोडली नाय शेवटपर्यंत." आणखी थोडं ऐकलं. मग एका वाक्याच्या मधेच आवाज तुटला. त्या वाट बघत राहिल्या. मी मान हलवली.

"पुढं नाय?"

"नाही. तुम्हाला माहीत आहे का पुढचं?"

"नाय," म्हणाल्या. "ती घरी सांगत व्हती तवा मी भाकऱ्या थापत व्हते."

खिचडी खाली लागल्याचा वास आला तशा त्या धावत आत गेल्या. मी लॅपटॉप बंद केला आणि मुलांना ताटं घेऊन ओळीत बसायला सांगितलं.