बांधावरचे पेरू आणि आईचं रक्त

माझ्या आईचं रक्त कमी निघालं, तेव्हा तिला काळजी वाटली नाही. राग आला.

आमच्या गावात दर फेब्रुवारीत मंडळाचं रक्तदान शिबिर भरतं. शाळेच्या व्हरांड्यात खाटा टाकतात, तालुक्याहून गाडी येते, दुपारपर्यंत गर्दी असते. तीन वर्षांपूर्वी आईनं ठरवलं की आपणही रक्त द्यायचं. ठेवणीतली साडी नेसून ती माझ्या पुढं रांगेत उभी राहिली. बोटाला टोचून थेंब घेतला. नर्सबाईंनी यंत्रावरचा आकडा पाहिला आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "मावशी, निदान साडेबारा लागतं. तुमचं दहाच भरलंय. आधी तुमचं रक्त वाढवा, मग दुसऱ्याला द्या."

मागून भावकीतला एकजण ओरडला, "वहिनी, ही देणाऱ्यांची रांग हाय. घेणाऱ्यांची पलीकडं!"

सगळे हसले. आईही हसली. पण घरी आल्यावर पाय न धुता ओट्यावर बसून राहिली.

"बेल्ह्याच्या बाजारात बैलाचे दात बघत्यात, तसं माझं बोट बघितलं," ती म्हणाली. "आन् माघारी लावलं."

तिचा राग कळायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. शेतात काही नवं निघालं की आधी त्याचा वानवळा जातो. म्हणजे शेजारी, पाहुणे, शाळेचे गुरुजी, ज्याच्या त्याच्या घरी पाटीभर, निदान ताटलीभर पोचवायचं. आणि ज्या भांड्यातून वानवळा आला ते भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर साखरेचे चार दाणे तरी घालायचे. या दोन्ही गोष्टींत माझी आई गावात एक नंबर. आमच्या बांधावर पेरूची पाच झाडं आहेत, वडिलांनी लावलेली. हिवाळ्यात पेरू उतरले की आई पाट्या भरायला बसते. टपोरे, बिनडागाचे वर. त्या पेरूंना अख्खी आळी ओळखते.

आणि एक भांडं तिच्या हिशेबात रिकामं राहिलं होतं. माझ्या बहिणीच्या जन्माच्या वेळी आईला रक्त फार गेलं. मंचरच्या दवाखान्यात कुणा अनोळखी माणसानं तिच्यासाठी बाटलीभर रक्त दिलं. वडील चहा सांगायला खाली गेले, वर येईपर्यंत तो माणूस निघून गेलेला. नाव नाही, गाव नाही. "चहासुद्धा न पिता गेला," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. वडील गेले, बहीण लग्न होऊन सासरी गेली, तरी आईच्या मनातून ते हललं नाही. आता हात रिकामे झालेत, मुलं मार्गी लागलीत, आता ते भांडं भरून पाठवायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. त्यात हे दहा.

"पुढल्या फेब्रुवारीत देणार म्हंजे देणार," ती म्हणाली. "तू शिकलाय ना? मग सांग, काय खाऊ?"

मी शिकलोय खरा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, पुढं बी.एड. केलं, आता तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. पदवीचा फोटो आईनं देव्हाऱ्याशेजारी लावलाय. ती कुणाला काही विचारत नाही, पण मला विचारते. त्यामुळं 'ठाऊक नाही' म्हणायची मला सवय नाही, आणि तिथंच मी फसलो.

मी म्हणालो, "पेरू. घरचे आहेत. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर, संत्र्यापेक्षाही जास्त. भाकरीत, डाळीत, मेथीत जे लोह असतं ते रक्तात जायला त्याची मदत होते."

इथवर बरोबर होतं. पेरूनं रक्त वाढतं असं लोक म्हणतात, पण पेरूत स्वतःचं लोह थोडकंच. तो खरा मध्यस्थ आहे. भाकरीतलं लोह अंगाला लावून देणारा. हे मी आईला सोयरीक जमवणाऱ्या माणसाचं उदाहरण देऊन समजावलं आणि ते तिला लगेच पटलं.

चूक पुढं झाली. आईचे दात हलायला लागलेले, बिया अडकतात म्हणून ती पेरू टाळायची. म्हणून मी म्हटलं, शिजवून देऊ. सुट्टीच्या दिवशी मी स्वतः चुलीपाशी बसलो. पिकत आलेल्या पेरूच्या फोडी, मोहरीची फोडणी, गूळ, तिखट, आणि झाकण ठेवून चांगली अर्धा तास शिजवली भाजी. शिवाय जेली केली. पेरू उकळले, पाणी गाळलं, साखर घालून पुन्हा आटवलं. घरभर असा वास सुटला की शेजारीण विचारायला आली. आईनं महिनाभर भाकरीबरोबर ती भाजी खाल्ली, चपातीला जेली लावून खाल्ली, आणि साऱ्या आळीला सांगितलं की मास्तरनं औषध केलंय.

एक दिवस नववीच्या वर्गात मी फळ्यावर लिहीत होतो की क जीवनसत्त्व उष्णतेनं नष्ट होतं, पाण्यात विरघळून जातं. लिहिता लिहिता खडू थांबला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती हसून खाली बसली.

"अहो, पोरांना शिकवता आन् आईला उकडून घालता?"

भाजी वाईट नव्हती. पेरूची भाजी आमच्याकडं अजून होते, गोड-आंबट, भाकरीबरोबर झकास लागते. फक्त ती औषध म्हणून करायची नसते.

मार्च संपता संपता पेरूही संपले. मग उरल्या गोळ्या. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, रोज एक. आई त्या नेमानं घ्यायची, एक दिवस चुकवला नाही. पावसाच्या तोंडावर पुन्हा रक्त तपासलं. दहा आणि वर एखादा दाणा. मला वाटलं, आता ती हा नाद सोडणार.

हे कोडं बायकोनं सोडवलं. तिनं सकाळी आईला गोळी घेताना पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. आई कपभर चहाबरोबर गोळी गिळत होती.

"आत्या, रोज चहाबरोबरच घेता?" बायकोनं विचारलं.

"मग? ताई म्हणल्या, उपाशीपोटी मळमळ झाली तर पोटात कायतरी घालून घ्या. म्हणून चहा घेते."

आमच्याकडं चहा हे पिणं नाही, खाणं आहे. सकाळी रानात जाणाऱ्याला 'काही खाल्लं का?' विचारलं तर 'हो, चहा झालाय' असं उत्तर येतं. आईचं काही चुकलं नव्हतं, ती तिच्या भाषेत सांगितलेलंच करत होती. पण चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. चार महिने ती गोळी चहात बुडवत होती, आणि मी शेजारी बसून माझाही कप पीत होतो. जेवणावरही तिला लगेच चहा लागायचा. म्हणजे भाकरीतलं लोहही गेलं.

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती कपाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुज्या बापानं आन् मी तीस वरीस सकाळी उठून हाच चहा पेलाय. त्या चहानं आसं करावं व्हय?"

चहा तिनं सोडला नाही. जेवणानंतर दीड-दोन तासांनी प्यायला लागली, आणि गोळी दुपारी पाण्याबरोबर. एवढं कबूल केलं हेच खूप होतं. तरी मला भरवसा नव्हता, कारण ताजा पेरू अजून तिच्या पोटात जात नव्हता.

पावसाळी पेरू आले. ते जरा पाणचट असतात, पण असतात. बायकोनं दातांवर तोडगा काढला. पिकलेला पेरू चिरायचा, बियांचा गर काढून पोरांना द्यायचा, कडेचा भाग बारीक कापायचा, त्यात दही, शेंगदाण्याचं कूट, मीठ, जिरं, हिरवी मिरची. कोशिंबीर. करायची ऐन जेवणाच्या वेळी, चिरून ठेवायचं नाही. कच्चट पेरू निघाला तर किसून, त्यात कोथिंबीर-मिरची वाटून चटणी. बाजरीची भाकरी, मेथीची नाहीतर तांदळीची भाजी आणि शेजारी ही कोशिंबीर. गोळ्यांनी आईचं पोट जड व्हायचं, तेही पेरूनं सुधारलं. याबद्दल ती उघड बोलली नाही, एवढंच म्हणाली, "आता बरं हाय."

पण गोम अजून बाकी होती, आणि ती मला ना पुस्तकात सापडली ना घरात. ती सापडली जुन्नरच्या भाईंना.

हे भाई म्हणजे जुन्नरच्या बाजारात फळांचा धंदा करणारे वयस्कर मुसलमान गृहस्थ. वडील होते तेव्हापासून वानवळा जाऊन उरलेले पेरू तेच नेतात. डिसेंबरात ते टेम्पो घेऊन आले. त्यांची एक पद्धत आहे. प्रत्येक पाटीतून एक पेरू उचलायचा, चाकूनं फोड काढायची, तोंडात टाकायची, डोळे मिटून चावायची, मगच पाटी टेम्पोत. त्यांनी फोड तोंडात टाकता टाकता आईला विचारलं, "क्यूं ताई, यंदा कसा आहे? गोड उतरलाय?"

आई म्हणाली, "मला काय ठाऊक? मी कुठं खाल्लाय?"

भाईंचं चावणं थांबलं. "म्हणजे? झाड तुमचं, पाट्या तुम्ही भरल्या, अन् खाल्ला नाही?"

"आवो, चांगलं चांगलं वानवळ्याला जातं. पाखरांनी टोचल्यालं, खाली पडल्यालं ऱ्हातं, त्ये आमी खातो. त्येची कोशिंबीर करते सून."

"ताई, मी धंदेवाला माणूस," भाई म्हणाले. "चाखल्याबिगर मी गिऱ्हाइकाला माल देत नाही. गिऱ्हाईक विचारतो, गोड है क्या, तर मी छातीवर हात ठेवून सांगतो. तुम्ही साऱ्या गावाला देता अन् काय देता ते तुम्हालाच ठाऊक नाही? हे कसलं देणं?"

दुसऱ्या कुणी हे बोललं असतं तर आईनं त्याला चार शब्द सुनावले असते. मी बोललो असतो तर माझी पदवी काढली असती. भाईंनी मात्र पाटीतला सगळ्यात मोठा पेरू काढला, चार फोडी केल्या, वर मीठ-तिखट भुरभुरलं आणि पुढं धरला. आईनं इकडंतिकडं पाहिलं, जसं काही चोरून खातेय. मग खाल्ला. चारही फोडी, बियांसकट, दात असतील त्या बाजूनं.

मला त्या क्षणी कळलं की पाखरांनी टोचलेले, दोन दिवस जमिनीवर पडलेले, अर्धा नासका भाग कापून टाकलेले पेरू म्हणजे आमच्या कोशिंबिरीतलं औषध होतं. ताजं फळ गावाच्या घरोघरी जात होतं आणि गाव निरोगी होत होतं.

त्या दिवसापासून घरात नवा नियम झाला, आणि तो आईनंच केला. पाटी भरायच्या आधी वरचा एक पेरू तिचा. "माल चाखायला नगं का?" असं म्हणत ती रोज खायची. वानवळा काही कमी झाला नाही. उलट आता पाटी देताना ती सांगायची, "बांधाच्या टोकाच्या झाडाचा हाय, लई गोड. आतून लाल निघंल." पूर्वी ती नुसती पाटी ठेवून यायची.

फेब्रुवारी आला. शिबिराच्या सकाळी तिनं तीच साडी नेसली. चहा घेतला नाही. नाश्ता पोटभर केला. रांगेत भावकीतला तोच माणूस होता.

"वहिनी, पुन्हा आला?"

"तू दिलं का मागल्या वर्षी?" आईनं विचारलं.

"मला जरा चक्कर..."

"मग गप ऱ्हा, भावजी. ही देणाऱ्यांची रांग हाय."

बोटाला टोचलं. मी यंत्राकडं बघत होतो, आई नर्सबाईंच्या तोंडाकडं. पावणेतेरा. वजन, रक्तदाब, सगळं बसलं. आई खाटेवर आडवी झाली. पिशवी भरेपर्यंत ती तिच्याकडं मान वळवून एकटक बघत होती, दूध मापात पडताना बघावं तशी.

"बाई, हे कुणाला जाईल?"

"ते नाही सांगता येत, मावशी. ज्याला गरज असेल त्याला."

"बरं हाय," आई म्हणाली. "मला तरी कुठं कळलं व्हतं."

उठल्यावर तिच्यापुढं बिस्किटं आणि चहाचा कप आला. तिनं बिस्किट घेतलं, चहा बाजूला सारला, "दीड तासानं," असं म्हणून. मग आपल्या कापडी पिशवीतून तीन पेरू काढले. एक नर्सबाईंना, एक डॉक्टरांना. तिसरा, सगळ्यात मोठा, तिनं स्वतः हातानं दाबून फोडला आणि खायला लागली.

"गोड आहे का?" मी विचारलं.

"खाल्लाय ना आता, सांगते की," ती म्हणाली. तोंड भरलेलं होतं. "लई गोड."