माझ्या नावावर तिचा डोळा

एकदा मी माझ्या जागी दुसरीचे डोळे तपासायला पाठवले. एवढा गाढवपणा मी पंचावन्नाव्या वर्षी केला, त्यामुळे लहान वयाची सबबही सांगता येत नाही.

नंदुरबारला आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात शुगरवाल्यांच्या डोळ्यांचे फोटो काढायला माणसं आली होती. शुगरमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही, असं आशाताई घरोघर सांगून गेली होती. माझं कार्ड तयार होतं. पण आधी डोळ्यांत थेंब घालतात हे ऐकलं आणि माझी गाळण उडाली. आम्ही दोघी जावा मिरचीचे देठ खुडायच्या कामावर. तिखट हात डोळ्याला लागला की काय होतं, ते आम्हाला विचारा! थेंब म्हणजे तसलंच काहीतरी, असं मी ठरवूनच टाकलं.

धाकट्या जावेच्या हातात कार्ड कोंबलं. "तू जाय. पदर घे डोक्यावर, कोन वळखी?"

"पन माले कोठे शुगर शे?"

"म्हनीसनच जाय. फोटो चांगला येई."

ती गेली. आशाताई तेव्हा गल्लीगल्लीतून माणसं गोळा करत होती, टेबलावरच्यांनी फक्त कार्ड पाहिलं. मी घरी बसून आपल्या हुशारीवर कपभर चहा प्याले.

तिसऱ्या दिवशी आशाताई कागद घेऊन दारात. "मावशी, उजव्या डोळ्यात रक्त उतरलंय. लगेच मोठ्या दवाखान्यात जा. थांबाल तर नजर जाईल."

मी "हो हो" म्हणाले. ती वळली, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला: तो डोळा माझा नव्हताच.

खरं सांगितलं तर वस्तीभर छी-थू होणार. मी कागद पिठाच्या डब्यात, पिठाखाली दडवला. उद्या सांगू म्हटलं. उद्याचं परवा झालं. कामावर धाकटी जाऊ माझ्या शेजारीच बसायची. तिच्या ढिगात देठासकट मिरच्या निघायच्या, मुकादम ओरडायचा. महिनाभर मीच तिला चिडवत होते, "ध्यान कोठे शे तुन्हं?"  आता तिने मान वर केली की मी खाली घालायची.

चौथ्या संध्याकाळी तिने मला चहा ओतला. धार कपाच्या बाहेर, सरळ ओट्यावर. तिला दिसलंच नाही. ती ओततच राहिली.

मी उठले, डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पिठाने माखलेला कागद तिच्यासमोर धरला. सगळं सांगितलं. तिने कागदावरचं पीठ झटकलं आणि तो कमरेला खोचला.

सकाळी दवाखान्यात दोघींची तपासणी झाली. तिची शुगर माझ्याहून जास्त निघाली. माझे डोळे ठणठणीत, आणि थेंब तर जरासे चुरचुरले, बस. तिला लेझर केलं. डावा डोळा वाचला, उजव्यात धुकं राहिलं ते राहिलंच. चार दिवस आधी आलो असतो तर, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

परतताना रिक्षात ती त्या कागदाबद्दल पहिल्यांदा बोलली.

"आक्का, तुम्हना भ्यावमुये मन्हा आजार सापडी गया, तो उपकार शे. पन कागद चार दिन पीठमा दडाई ठेयेल व्हता, त्या चार दिन माले परत कोन दी?"