अकोलेवाली कुणाची

आपल्या माणसाचं हसू दुसऱ्याच्या फोनमधून ऐकू आलं की कसं वाटतं, ते मला आमच्या विभागाच्या खोलीत बसून कळलं. मी चहा घेत होते. समोरच्या टेबलाशी आमच्याकडे नव्याने लागलेली प्राध्यापिका फोनवर बोलत होती आणि फोनमधून जे खदखदून हसणं बाहेर येत होतं, ते माझ्या अकोलेवालीचं होतं. लग्नाच्या मांडवातल्या गोंगाटातही मी ते ओळखलं असतं. ती फक्त माझ्याशी बोलतानाच तसं हसते, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. चहा तसाच ठेवून मी उठले आणि काही काम नसताना कपाट उघडून उभी राहिले.

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात आहारशास्त्र शिकवते. अकोलेवाली अकोल्याला शेतीच्या महाविद्यालयात शिकवते आणि ज्वारी हा तिचा विषय आहे. आमची ओळख एका उजळणी वर्गात झाली. दोघींना एकच खोली मिळाली होती. पहिल्याच दिवशी मेसमध्ये जेवताना तिने भाकरीचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काय वो, हे भाकर हाय का पुठ्ठा?" मी म्हटलं, करणारीचा हात वाईट आहे. ती म्हणाली, हात नाही, ज्वारीच वाईट आहे. त्यावर आम्ही झोपेपर्यंत भांडलो. वर्ग संपला तरी भांडण मिटलं नव्हतं, म्हणून त्याचंच काम केलं.

काम साधं होतं. तिचे विद्यार्थी वेगवेगळ्या वाणांची ज्वारी पिकवायचे, दळून आणायचे आणि डब्यांवर फक्त खुणा करून आमच्या हवाली करायचे. आमच्या मुली भाकरी करायच्या. मग सगळे मिळून चाखायचे. नियम एकच, पण कडक: पिकवणाऱ्याने थापायचं नाही आणि थापणारीने स्वतःची भाकर चाखून मत द्यायचं नाही. दरवेळी यातून रुसवेफुगवे व्हायचे. शेतीवाल्या पोरांना वाटायचं, मुलींनी मुद्दाम आमचं पीठ बिघडवलं. मुलींना वाटायचं, यांनी जुनं पीठ आणलं, म्हणून भाकर चिरली. मग एकमेकांना विचारावंच लागायचं. तुम्ही पाणी किती घातलं, तुम्ही दळलं कधी? पुस्तकात जे मी डोकं आपटून शिकवू शकले नसते, ते पोरं त्या कुरबुरीत शिकायची. चाखायचा कार्यक्रम एकदा अमरावतीला, एकदा अकोल्याला. ही पाळी आम्ही कधी लिहून ठेवली नाही. कुणाकडे जेवून आलो की त्यांना आपल्याकडे बोलवायचं, तितकीच ती सरळ गोष्ट होती.

आता यात महाविद्यालयं कुठे आली? कुठेच नाही. आमच्याकडे दोन संस्थांचं सहकार्य म्हणजे सामंजस्य करार. मूल्यांकनाची समिती येणार अशी कुणकुण लागली की करारांचा हंगाम सुरू होतो. फ्लेक्स छापतात, शाल-श्रीफळ आणतात, दोन प्राचार्य एकमेकांकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत हात मिळवतात आणि फाइल कपाटात जाते. त्या करारांमुळे कुणी कुणाला साधा फोन केल्याचं मला आठवत नाही. आमचं काम चालत होतं, कारण ती मला "काय वो" म्हणायची आणि मी तिला. निदान माझं तरी तसं ठाम मत होतं.

आणि मग ही नवी आली. वयाने लहान, हुशार, कामाला वाघ. यातलं काहीही मला तिच्याविरुद्ध वापरता येण्यासारखं नव्हतं, हीच मोठी पंचाईत. शिक्षण पुण्याकडचं, माहेर धामणगावचं. माझ्याशी बोलताना "मॅडम, मला असं वाटतं की" असं इस्तरी केलेलं बोलायची आणि अकोलेवालीशी फोनवर "ताई, मले सांगा नं" असं घरचं. म्हणजे मी तिची मॅडम आणि अकोलेवाली तिची ताई! एका कार्यक्रमात मीच दोघींची गाठ घालून दिली होती. "ही आमची नवी, हिला ज्वारीत रस आहे," असं कौतुकाने म्हणाले होते. ज्वारीतच राहील, असं वाटलं होतं.

हळूहळू अकोल्याच्या बातम्या मला नवीकडून कळू लागल्या. ताईंच्या शेतावर पाखरांनी कणसं खाल्ली. ताईंचा गुडघा दुखतोय. गुडघा! तो गुडघा मी किती वर्षांपासून ओळखते, आणि तो दुखतोय हे मला टेबलापलीकडून कळावं? मी म्हटलं, "हो, मला माहीत आहे." माहीत नव्हतं. लगेच बाहेर जाऊन अकोलेवालीला फोन लावला. गुडघ्याची चौकशी दोन वाक्यांत उरकली आणि मग विचारलं, "तिचा फोन आला होता का गं? काय म्हणत होती?"

त्यातच प्राचार्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. समिती येणार होती. आमचं ज्वारीचं काम आयतं हाताशी होतं, तेव्हा त्याचाही रीतसर करार करायचा ठरला. दोन्हीकडून एकेक समन्वयक. पुढे अकोल्याबरोबर जे काही होईल ते त्या एकाच माणसाने पाहायचं. आमच्याकडून नाव कुणाचं, असं प्राचार्यांनी आम्हालाच विचारलं. नवी खाली बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होते. प्राचार्य भांडणाला भिणारे. ते म्हणाले, "असं करू, अकोल्याहून ज्यांचं नाव सुचवतील ते ठेवू." मला हसू आवरेना. अकोल्याहून म्हणजे अकोलेवालीकडून. निकाल लागलाच होता, फक्त जाहीर व्हायचा होता. माझ्या मनाने तर सहीसुद्धा करून टाकली.

तरी मन स्वस्थ बसेना. येत्या शनिवारी चाखायचा कार्यक्रम होता आणि पाळी आमची अकोल्याला जायची होती. अकोल्याला गेलं की अकोलेवाली यजमान, मी पाहुणी, आणि नवी तिच्या मागे मागे शेतावर. मला ते दृश्य आधीच दिसू लागलं. अमरावतीला मात्र प्रयोगशाळा माझी, शेगड्या माझ्या. नवीला ताटं मांडायला लावता आलं असतं. मी अकोलेवालीला फोन केला.

"यावेळी तुमीच या अमरावतीले."

"काहून? पाळी तं तुमची हाय."

"तुया गुडघा दुखून राहिला म्हणून. उभ्याने यजमानपण कायले करतं? इथं खुर्चीवर बसजो."

"बसमधी बसून गुडघा दुखत नाई का?" ती हसली. "बरं बाप्पा, येतो आमी."

हे मी नवीला सांगितलं नाही. नवीला कळू नये म्हणून मुलींनाही सांगितलं नाही, शनिवारी प्रात्यक्षिकाला त्या तशाही येतातच आणि जायची बस दरवेळी मीच ठरवते. नवीने त्याच आठवड्यात प्राचार्यांकडून महाविद्यालयाची बस मंजूर करून घेतली, अकोल्याला जायला. तेही तिने मला सांगितलं नाही. मला माहीत असेलच, असं तिला वाटलं. मुलींच्या ग्रुपवर तिने निघायची वेळ टाकली होती आणि मी त्या ग्रुपवर नव्हते. बरं, या दोघी ताई-बहिणी फोनवर रोज बोलत होत्या! "शनिवारी भेटतोच आहोत," असं दोघीही एकमेकींना म्हणाल्या. कुठे, हे विचारायची गरज एकीलाही वाटली नाही. जिचं तिला ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी मी प्रयोगशाळेत पोचले. अंबाडीची भाजी घरून करून आणली होती. शेगड्या पेटवून बघितल्या, तवे मांडले, अकोलेवालीसाठी गादीची खुर्ची ठेवली. मुलींचा पत्ता नव्हता. नवीचाही नव्हता. मी मनात म्हटलं, बघा, मोठी कामाला वाघ! प्राचार्यांच्या कानावर हे जायला हवं, असंही मनात आलं. तेवढ्यात फोन वाजला.

"काय वो," अकोलेवाली ओरडत होती, मागे पोरांचा कल्ला, "तुमची बस आमाले आडवी गेली! मूर्तिजापूरच्या अलीकडं! तुया पोरी खिडकीतून हात हलवून राहिल्या. कुठी चालल्या त्या?"

मी म्हटलं, "कुठी म्हंजे? तुयाकडं असतील." आणि हे बोलता बोलताच सगळं लक्षात आलं.

दोन्ही बस वळवून रस्त्यालगतच्या एका ढाब्यावर थांबल्या. पोरींजवळ परात, तवे, शेगडी सगळं होतं, पाहुणे म्हणून जाताना आम्ही नेतोच. पोरांजवळ पिठाचे डबे होते. ढाबेवाल्याने अंगण दिलं. मी फोनवर म्हटलं, थांबा, मी येते. अकोलेवाली म्हणाली, "ये नं, पण पोरं उपाशी हायेत, आमी सुरू करतो."

म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत ज्वारीच्या कामापासून दूर राहिलेलं एकच माणूस होतं, आणि ते मी होते. शेगड्या विझवल्या, भाजीचा डबा उचलला आणि बसस्थानक गाठलं. एसटीत खिडकीशी बसून बडनेरा मागे पडेपर्यंत मी नवीला मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं. नंतर अकोलेवालीला बोलले. मूर्तिजापूर येईपर्यंत ढाबेवालाही सुटला नाही.

पोचले तेव्हा भाकरी संपत आल्या होत्या. आमच्या मुली आणि तिकडची पोरं एकमेकांत मिसळून बाजांवर बसली होती. कोण कुठलं, ते कळत नव्हतं. यजमान कुणी नाही, पाहुणा कुणी नाही, म्हणून की काय, कुरबुर नेहमीपेक्षा मोकळी चालली होती. एक पोरगा चक्क भाकर थापत होता आणि आमची मुलगी त्याला रागावत होती. नियम मोडला होता. तो मोडायला परवानगी कुणी दिली, ते विचारावंच लागलं नाही. शेगडीपाशी नवी आणि अकोलेवाली जमिनीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. अकोलेवाली, दुखऱ्या गुडघ्याची, जमिनीवर! दोघींच्या मध्ये चिरलेली भाकर होती आणि दोघी तिच्यावर कडाकडा भांडत होत्या.

"ताई, दोष पिठाचा नाही, पाणी गरम नव्हतं."

"पाणी गरमच होतं. वाणच तसा हाय, तुले मी कवाची सांगून राहिली."

मी उभीच होते. ते माझं भांडण होतं. शब्दन् शब्द माझं. त्या क्षणी मला नवीचा जो राग आला, तसा आयुष्यात कुणाचा आला नसेल. ती वाईट भांडत असती तर एक वेळ चाललं असतं. ती चांगली भांडत होती.

नवीने मला पाहिलं आणि गडबडून उठली. "मॅडम, ग्रुपवर टाकलं होतं मी."

"मी त्या ग्रुपवर नाही."

"अरे," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखरच पडला. मला तेही आवडलं नाही. ती पोरींना आवरायला सांगायला निघून गेली.

अकोलेवालीने माझ्याकडून डबा घेतला, उघडला, बोटाने भाजी चाखली. "मस्त झाली. बस."

मी बाजेवर बसले. इकडच्या तिकडच्या गोष्टी करायचं माझ्यात त्राण नव्हतं. "करारात नाव द्यायचं हाय तुले," मी म्हटलं. "प्राचार्य विचारतील."

"विचारलं त्यायनं. कालच फोन आलता."

"मंग?"

ती भाकरीने भाजी खात होती. घास संपवून म्हणाली, "तिचं सांगतलं."

ढाब्यावर कुणीतरी गाणं मोठं केलं. मी तिला परत विचारलं नाही, मला नीट ऐकू आलं होतं. डोळे भरून आले आणि रागही आला, दोन्ही एकदम. "काहून?" मी म्हटलं. "मी काय कमी केलं तुयासाठी?"

"मायासाठी लय केलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तोंडही फिरवलं नाही. "तू माई मैत्रीण हायेस, ते काई जाऊन नाई राहिलं कुठी. पण पाह्य, तिचा फोन येते तवा ती ज्वारीचं विचारते. तुया फोन येते तवा तू विचारतं, तिचा फोन आलता का. सालभर झालं. ज्वारीचं तू मले शेवटचं कवा विचारलं, सांग बरं."

मी आठवून पाहिलं. समोर मुली तवे घासत होत्या, पोरं डबे बसमध्ये चढवत होती, नवी दोन्हीकडचं मोजून बघत होती. अकोलेवाली उत्तराची वाट पाहत माझ्याकडे बघत होती आणि मला ज्वारीचं काही म्हणजे काही आठवेना. नजर परत नवीकडे गेली. मग राहवलंच नाही.

"नावाचं तू आधी तिले सांगतलं," मी विचारलं, "का मले?"