चाळणीतला धागा

माझी नणंद प्रयोगशाळेत डुकरांची विष्ठा चाळते. अन्ननलिका अरुंद झालेल्या रोग्यांसाठी तिथे आपोआप विरघळणाऱ्या जाळीदार नळ्या बनवतात. आधी त्या नळ्या डुकरांना बसवायच्या. मग नळी नीट विरघळली की तिचे टोकदार तुकडे पडले, हे हिने घाणीत शोधायचं. जेवतानाही हिला दुसरा विषय नसतो. माझा घास हातातच राहतो.

परवा पीठ मळताना बोटाला काहीतरी टोचलं. बघते तर पिवळट, ताठ धागा. नणंदेने तो उजेडात धरला.

"वहिनी, हा तर नळीचा तुकडा! तिथली चाळणी फाटली, म्हणून गेल्या आठवड्यात आपली पिठाची नेली होती. धुऊन आणली होती हो मी!"

मी ओकायला मोरीकडे धावले. ही मात्र खुशीत.

"बरं झालं सापडला! आम्ही तर नळी पूर्ण विरघळली असं सांगून मोकळे झालो होतो. उद्या एखाद्या रोग्याचं आतडं फाटलं असतं."

तुकडा डबीत घालून ती पळालीसुद्धा. तिथे तिचं फार कौतुक झालं म्हणे. त्या चाळणीतलं पीठ आठवडाभर कुणाच्या पोटात जात होतं, ते मात्र कुणीही विचारलं नाही.